तारीखपट्टीवरचे शिक्के: एका वाचक मुलीचं प्रकरण

पुस्तक परत येत नव्हतं. प्रकरण सुरू झालं ते एवढ्यावरच. 2024च्या फेब्रुवारीत नेलेलं ‘चौघीजणी’ मार्च संपला तरी आलं नाही. एप्रिलमध्ये मी तिच्या वाडीतल्या मुलांबरोबर दोनदा निरोप धाडला, मे महिन्यात पोस्टकार्डावर स्मरणपत्र टाकलं. सभासद मुलगी नववीतली. पुस्तक जुनं, शिवण सुटलेलं, विकायला काढलं तर कुणी दहा रुपये देणार नाही असं. तरी कार्यकारिणीच्या सभेत विषय निघाला, कारण ते पुस्तक मुळात त्या मुलीच्या हातात जायलाच नको होतं. बाल विभागाच्या कार्डावर मोठ्यांच्या कपाटातलं पुस्तक द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. तो मी मोडला होता, आणि एकदा नव्हे.

ही नोंद मी लहान गावांतल्या ग्रंथपालांसाठी, मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि ज्यांच्या घरात एकच पुस्तक पुन्हा पुन्हा घेऊन बसणारं मूल आहे अशा आईवडिलांसाठी लिहिते आहे. मुलीचं आणि गावाचं नाव देत नाही. तिला आणि तिच्या घरच्यांना विचारूनच लिहिलं आहे.

वाचनालय, आणि मधलं रिकामं कपाट

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या चार वर्गांपैकी शेवटचं. एक मोठी खोली, एक पडवी, संध्याकाळचे तीन तास आणि मी. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828चं, चिपळूणचं वाचन मंदिर 1864चं. अशा थोरल्या वाचनालयांच्या जिल्ह्यात आम्ही अगदी धाकटे. पण गावात संध्याकाळी मुलीबाळींना एकटीने जाऊन बसता येईल अशी देऊळ सोडून दुसरी जागा नाही, हे मी वीस वर्षं बघते आहे.

3 जून 2020ला ‘निसर्ग’ वादळात आमची निम्मी कौलं उडाली. वीज तर कित्येक आठवडे नव्हती. भिजलेली पुस्तकं आम्ही गावात वाटून दिली: ज्याच्या घरी चूल पेटते त्याने माळ्यावर वाळवायची. ‘चौघीजणी’ची आमची प्रत त्यातलीच. तिची पानं तेव्हापासून पापडासारखी वळलेली आहेत आणि उघडली की अजून धुराचा वास येतो.

मुलगी कोळीवाड्यातली. वडील मुंबईला ससून डॉकच्या एका बोटीवर खलाशी. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते, तेवढे दिवस ते घरी. बाकी वर्षभर घरात आजी, आई, ही आणि धाकटी बहीण. आई पहाटे लिलावाला जाते आणि मग दुपारपर्यंत पाटी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरते. माझ्याकडचे बांगडे तिच्याकडूनच येतात. ती मला वहिनी म्हणते.

मुलगी पहिल्यांदा आली ती आठवीत, 2022च्या पावसाळ्यात. बाल विभागात आमच्याकडे ‘किशोर’ मासिकाचे जुने गठ्ठे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ‘गोट्या’, आणि ‘हॅरी पॉटर’च्या सात भागांपैकी चार. हे सगळं तिने गणपतीच्या आत संपवलं. पॉटरचा दुसरा भाग आमच्याकडे नाही, तर पहिला संपवून तिसरा उघडताना तिने मला विचारलं होतं, “मधे काय झालं ते तुम्ही सांगाल का?” मला सांगता आलं नाही, मी वाचलेलाच नव्हता. ते मला फार लागलं.

मग प्रश्न आला तो नेहमीचा. तेरा-चौदाच्या मुलीला आता काय द्यायचं? मराठीत ‘कुमार’ आणि ‘किशोर’ असे दोन सुंदर शब्द या वयासाठी आहेत, पण आमच्यासारख्या वाचनालयांत या वयाचं कपाट नसतं. एका भिंतीला बाल विभाग, समोरच्या भिंतीला सहा-सहाशे पानांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या, आणि मधे माझं टेबल. चौदा पूर्ण झाली की बाल कार्ड बंद होतं. मोठ्यांच्या कार्डाला तीनशे रुपये अनामत आणि पालकाची सही लागते. आठवी-नववीतच मुलं वाचनालय सोडतात ती मोबाईलमुळे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायची. आता मला वाटतं, त्यांना सोडायला लावणारा एक मोठा हात आमच्या नियमावलीचा आहे.

बाहेरच्या जगात या वयाकडे वेगळं लक्ष द्यायला ग्रंथपालांनीच सुरुवात केली. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने 1957 साली कुमारवयीन वाचकांसाठी स्वतंत्र विभाग काढला. 1967 साली, म्हणजे आपला ग्रंथालय कायदा झाला त्याच वर्षी, तिकडे ‘द आउटसायडर्स’ नावाची कादंबरी आली. दोन टोळक्यांतल्या पोरांची गोष्ट. ती लिहायला घेतली तेव्हा एस. ई. हिंटन पंधरा वर्षांची होती आणि पुस्तक निघालं तेव्हा अठरा. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी मुलांच्या सह्यांचं पत्र दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना पाठवलं, की याचा सिनेमा तुम्ही करा. त्यांनी केला, 1983 साली. ही हकीकत मला कळली तेव्हा मी ती दोन दिवस जो भेटेल त्याला सांगत होते.

तर त्या दिवशी मी मोठ्यांच्या कपाटातून ‘चौघीजणी’ काढून तिच्या हातात ठेवलं. शांता शेळक्यांनी केलेला ‘लिटल विमेन’चा अनुवाद. मूळ पुस्तक लुइसा मे अल्कॉटचं, 1868चं. मी स्वतः ते नववीत वाचलं होतं, माझ्या आत्येबहिणीने ते पुढे तिच्या मुलीला दिलं होतं. मराठी घरांत ते पुस्तक असंच हातोहात जात आलेलं आहे.

मी काय चुकले

तिने ते आठ दिवसांत वाचलं, परत केलं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मागितलं. मग पुन्हा. चौथ्या वेळेला मी शिक्का मारता मारता म्हणाले, “तेच तेच काय वाचतेस गं? बाकीची पुस्तकं काय रुसलीत तुझ्यावर?” बरोबर मी तिला शास्त्रज्ञांच्या चरित्रांचं एक पुस्तक दिलं आणि इंग्रजी सुधारण्याचं एक. दोन्ही तिसऱ्या दिवशी आली, न उघडलेली. मी मनात म्हटलं, पोरगी एका जागी अडकली.

ही पहिली चूक. हिचं मूळ मला नंतर समजलं. पुढे सरकणं म्हणजे वाचन, असा हिशेब माझ्या डोक्यात बसलेला होता. वार्षिक अहवालात आम्ही ‘देवघेव’ मोजतो; कुणी एक पुस्तक नऊदा नेलं काय आणि नऊ पुस्तकं एकेकदा नेली काय, आकडा तोच. पण मनातून दुसरीलाच मी हुशार म्हणणार. आणि त्याच वेळी त्या मुलीची आजी दर सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय म्हणते. चाळीस वर्षं म्हणते आहे. तिला कुणी जाऊन विचारलं नाही, की आजी, तेच तेच काय म्हणतेस, बारावा घे की. आपल्याकडे पारायण हा शब्द आहे, त्याला मान आहे. फक्त मुलीच्या हातात कादंबरी असली की तो शब्द आपल्याला आठवत नाही.

दुसरी चूक जानेवारी 2024ची. वार्षिक ग्रंथपडताळणी चालू होती. ती शनिवारी मदतीला यायची. मी पुस्तक काढून दाखल क्रमांक वाचायचे, ती नोंदवहीत बरोबरची खूण करायची. अक्षर चांगलं, लक्ष त्याहून चांगलं. ज्यांची शिवण गेलीय, ज्यांना कसर लागलीय, अशा पुस्तकांचा ढीग मी दाराजवळ लावत होते. वर चिठ्ठी: ‘निर्लेखन’. तिने विचारलं, “म्हणजे काय, मॅडम?”

“बाद करायची. सभेत यादी मंजूर झाली की रद्दीत.”

तिने पुढचा क्रमांक विचारला आणि काम चालू राहिलं. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी ती आली, त्या ढिगातून वाकून एक पुस्तक ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. ‘चौघीजणी’. मी शिक्का मारून दिलं. इतकं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि माझ्या लक्षात काही आलं नाही.

त्यानंतर ती आलीच नाही. बाजारात दिसली तर आईच्या मागे व्हायची. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “वहिनी, नववीची परीक्षा, मग लगेच दहावी. तिचं नाव काढून टाका आता. पुस्तक असंल घरात, शोधून आणून देते.” तिचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. दहावीवर त्या घराचं किती अवलंबून आहे, ते मला ठाऊक आहे. मी ‘बरं’ म्हणाले. ही तिसरी चूक, कारण नाव काढायला मुलगी स्वतः आली नव्हती, हे मी बघायला हवं होतं.

जूनमधली एक संध्याकाळ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस नुकता लागलेला, वडील आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तोंड गाठ मारून बंद केलेलं. पडवीत चपला काढून, पाय पुसून ते दारात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. माझं पोस्टकार्ड त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

“दंड किती झाला तो सांगा. पण पोरगी चोर नाय हां माझी.”

मी म्हटलं, कोण म्हणतंय चोर. त्यांनी गाठ सोडली. आत ‘चौघीजणी’, आणि तिच्याखाली दोनशे पानी लाँगबुक. वहीच्या लेबलवर ‘भूगोल’ लिहिलेलं. त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. भूगोल नव्हता. पहिल्या ओळीपासून, बारीक एकसारख्या अक्षरात, कादंबरी उतरवलेली होती. चौघींतल्या लिहिणाऱ्या बहिणीचं, ज्योचं, बोलणं लाल शाईत, बाकी सगळं निळ्या.

“मी सातवी शिकलोय,” ते म्हणाले. “रात्री बसून थोडं वाचलं. ह्यात बाप लढाईवर गेलाय आणि घरात पोरी त्याचं पत्र वाचत बसल्यात.” मग जरा थांबून, “हे कुठल्या गावचं हो?”

मी सांगितलं, अमेरिकेतलं, दीडशे वर्षांपूर्वीचं. त्यांनी मान हलवली. दंडाचे चाळीस रुपये त्यांनी मोजून दिले, मी नको म्हटलं तरी दिले, पावती घेतली आणि पावती त्या वहीत ठेवून वही पिशवीत घातली. पुस्तक टेबलावर राहिलं.

ते गेल्यावर मी पुस्तक उघडून मागच्या पानावरची तारीखपट्टी बघितली. तिच्या सभासद क्रमांकासमोर नऊ शिक्के होते. मी सहज महिने वाचत गेले: सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर, मार्च, ऑगस्ट... एक अख्खा पावसाळा त्यात येऊन गेला होता, आणि जूनचा किंवा जुलैचा एकही शिक्का नव्हता. ज्या दोन महिन्यांत बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि वडील घरात असतात, त्या महिन्यांत तिने हे पुस्तक कधीच नेलं नव्हतं. ते शिक्के मीच मारलेले. महिना फिरवून, शाईच्या पॅडवर दाबून, माझ्या हाताने.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. मी विचारलं, उतरवून का काढत होतीस?

“रद्दीत जाणार होतं ना.”

“मग मला सांगायचंस, बाय. मी बाजूला ठेवलं असतं.”

“तुम्ही म्हणालात ना, तेच तेच काय वाचतेस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिची माफी मागितली. ती संकोचली, पण मागायलाच हवी होती.

मग तिने पुन्हा वही दाखवली. निम्म्याहून थोडं कमी पुस्तक उतरवून झालं होतं, चार महिन्यांत, मधे वार्षिक परीक्षा. एका पानाला माशाचा खवला चिकटून सुकला होता, त्याच्याखालचं अक्षर आरपार दिसत होतं. आणि मधेच दोन पानं कोरी. मी विचारलं तर म्हणाली, तेवढं राहिलंय. कुठला भाग ते मी पुस्तकाशी ताडून बघितलं. नाटकाला नेलं नाही म्हणून धाकटी ॲमी चिडते आणि ज्योची हाताने लिहिलेली गोष्टींची वही जाळून टाकते, तो भाग.

“वाचतानापण मी ते सोडते,” ती म्हणाली. “लिहायला तर हातच होत नाही.”

हे मी इतकं तपशिलाने लिहिते आहे, कारण या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. ही मुलगी गोष्टीत नुसती रमलेली नव्हती. कुठलं पान आपल्याला कधी लागतं आणि कुठलं सोसत नाही, हे तिला नेमकं माहीत होतं. इतकं जवळून वाचणारे प्रौढ सभासद माझ्या नोंदवहीत फार नाहीत. आणि मी तिला ‘अडकलेली’ समजत होते. आमच्या ग्रंथपालन वर्गात डॉ. रंगनाथन यांची 1931 सालची पंचसूत्री घोकून घेतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मी परीक्षेत त्यावर टीप लिहून मार्क मिळवले होते. आणि प्रत्यक्षात, एका पुस्तकाला त्याचा वाचक सापडलेला असताना मी ते पुस्तक रद्दीच्या ढिगात लावलं आणि यादीवर त्याच वाचकाकडून खूण करून घेतली.

मग काय केलं

आधी पुस्तक वाचवलं. दापोलीला बांधणीवाला आहे, खळीत मोरचूद घालणारा जुना कारागीर, म्हणजे पुन्हा कसर लागायला नको. त्याने जुनी शिवण पूर्ण उसवली, पानांचे जुडगे सुटे केले, कण्याला मलमलची पट्टी लावली. तारीखपट्टी फाडू नका, एवढं मी त्याला तीनदा सांगितलं. आणखी एक नवी प्रतही मागवली. ती आली तेव्हा मुलीने हातात घेऊन बघितली, वास घेतला आणि म्हणाली, छान आहे, पण मला माझीच द्या.

आईशी बोलणं व्हायला वेळ लागला. मी मासे घेताना उभ्या उभ्या बोलायचे, ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या घरी जायची. शेवटी ठरलं ते असं: दहावीच्या वर्षात पुस्तक घरी न्यायचं नाही, शनिवारी एक तास वाचनालयात बसून वाचायचं. आई म्हणाली, “तासाभराने पाठवा हां, वहिनी. तुमच्या भरवशावर सोडते.” मी घड्याळ लावून पाठवत असे. वडिलांनी या बोलण्यात तोंड घातलं नाही, पण ऑगस्टमध्ये मुंबईला जाताना ते वाचनालयावरून गेले आणि खिडकीतून हात केला.

तो शनिवारचा तास मग वाढत गेला. तिच्याबरोबर धाकटी बहीण येऊ लागली, मग वर्गातल्या दोन मुली. मी माझं टेबल भिंतीला सरकवलं आणि मधल्या जागेत एक लहान घडवंची ठेवली. तिच्यावर मोठ्यांच्या आणि लहानांच्या दोन्ही कपाटांतून उचललेली पुस्तकं. प्रकाश नारायण संतांचा लंपन: ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’, चारही. ‘तोत्तोचान’. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. फास्टर फेणेही तिकडेच आणला, कारण मोठी मुलं बाल विभागात वाकून पुस्तक काढायला लाजतात आणि घडवंचीवरून तेच पुस्तक बिनदिक्कत उचलतात. मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

‘शाळा’वरून वाद झाला. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचं म्हणणं, नववीतल्या मुलाच्या प्रेमाची गोष्ट नववीतल्या मुलींपुढे कशाला मांडायची. मी म्हटलं, 2004पासून महाराष्ट्रभर वाचली जाते, सिनेमाही झाला, मुलं तो मोबाईलवर बघतातच. त्यांचं समाधान झालं नाही. पण त्याच पुस्तकावर शनिवारी आमच्या मुलीने जे विचारलं, ते मी त्या सदस्यांना जाऊन सांगितलं. ती म्हणाली होती, “हे सगळं मुकुंदा सांगतो. त्याला काय वाटलं ते सगळं कळतं. शिरोडकरला काय वाटत होतं, ते कुणी लिहिलंय का?” शिरोडकर म्हणजे मुकुंदाला आवडणारी मुलगी. गोष्ट आणीबाणीच्या वर्षातली आहे, भाषा अशी आहे, वगैरे मी बोलत होते, तिने सरळ पुस्तकाच्या आरपार हात घातला. सदस्य थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ठेवा, पण वरच्या बाजूला नको. मी मधोमध ठेवलं.

लंपनच्या भाषेवरही खूप वेळ गेला. बेळगावकडची बोली, मधे कानडी शब्द. मुलींनी अडलेल्या शब्दांची यादी केली आणि शेजारी आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते लिहायला सुरुवात केली. धाकटीने आजीला विचारून भर घातली. ती यादी अजून घडवंचीच्या खणात आहे.

आणि लॉरी, ज्योचा शेजारी मित्र. ज्यो त्याला लग्नाला नकार देते, यावरून आमच्याकडे तीन शनिवार भांडण चाललं. तेव्हा मी त्यांना सांगितलं, की पहिला भाग आल्यावर तिकडच्या मुलींनीही लेखिकेला पत्रांवर पत्रं पाठवली होती, या बहिणींची लग्नं कुणाशी होणार म्हणून. अल्कॉट वैतागली. बाईच्या जन्माचं तेवढंच सार्थक आहे का, असं तिने रोजनिशीत लिहिलं, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून ज्योचं लग्न लॉरीशी लावणार नाही असं ठरवून टाकलं. यावर वर्गातली एक मुलगी म्हणाली, मग तिने बरोबर केलं. आमची मुलगी म्हणाली, “बरोबर केलं, पण मला आवडलं नाही.” दोन्ही एकाच वेळी मनात ठेवता येतं, हे कळायला मला स्वतःला तिच्यापेक्षा बरीच वर्षं लागली होती.

जमलं नाही ते मुलांचं. घडवंचीपाशी मुलगे फार टिकले नाहीत. हिंटनची हकीकत मी रंगवून सांगितली, तेव्हा दोघांनी विचारलं, मराठीत आहे का. आमच्याकडे नव्हतं. फास्टर फेणे संपल्यावर त्यांना तितक्याच वेगाने पुढे नेणारं मी काही देऊ शकले नाही. समुद्रावर, बोटीवर, बंदरात घडणारी, पंधरा वर्षांच्या कोकणी मुलाला आपली वाटेल अशी कादंबरी मला हवी आहे. आमच्या कपाटांत ती नाही.

आज

ती दहावी झाली. आता अकरावीला एसटीने दापोलीला जाते. कॉलेजचं ग्रंथालय मोठं आहे, तिथून ती मला नावं आणून देते आणि मी ती खरेदीच्या यादीत घालते. भूगोलाच्या वहीत अजून लिहिणं चालू आहे का, ते मी विचारलेलं नाही.

यंदाच्या जूनमध्ये धाकटी नव्या प्रतीसाठी आली. तिला म्हटलं, तू तर दोनदा ऐकलंयस ताईकडून. ती म्हणाली, “माझ्यासाठी नाय. बाबांना वाचून दाखवायचंय, त्यांचं अर्धं राहिलं होतं.” मी शिक्का मारला.

प्रकरणाचा नियमांचा भाग अजून मिटलेला नाही. चौदा ते अठरा वयाच्या सभासदांना अनामत माफ करावी आणि त्यांना दोन्ही कपाटं खुली असावीत, असा ठराव मी लिहून दिला आहे. तोपर्यंत घडवंचीवरची पुस्तकं माझ्या सहीने जातात आणि हरवली तर भरपाई माझी, एवढं मी वहीत नोंदवून ठेवलं आहे. गेल्या सभेत वेळ पुरला नाही. पुढची सभा आता नारळी पौर्णिमेनंतर होईल, कारण सातातले तीन सदस्य होडीवाले आहेत आणि सध्या सगळे जाळी विणण्यात आहेत.